काचेमागची जाण

गाडीच्या दरवाजावरचे हँडल फिरवून काच वर चढवणारा हात एकाच वेळी तीन कामे करीत असे. काच उचलण्याचा जोर तो पुरवी, काच किती वर गेली आणि तिला कुठे अडते आहे हे हँडलच्या जडपणावरून त्याला उमगे, आणि अडणारी वस्तू एखाद्या मुलाची बोटे असतील तर थांबण्याचा निर्णयही तोच घेई. विसाव्या शतकाच्या मध्यास या हाताची जागा विजेच्या मोटरने घेतली तेव्हा पहिले काम तिने सहज उचलले; उरलेली दोन मात्र कोणाच्याच वाट्याला आली नाहीत, कारण जोर लावणाऱ्या यंत्राला आपण कशावर जोर लावतो आहोत याचा पत्ता नव्हता. पॉवर विंडोचा त्यानंतरचा इतिहास हा मुख्यतः ही हरवलेली जाण यंत्राला परत मिळवून देण्याच्या खटपटीचा इतिहास आहे, आणि कोणत्या दरवाजाला ती द्यायची व कोणत्याला नाही, हा प्रश्न आता तंत्राचा कमी आणि खर्चाचा व कायद्याचा अधिक झाला आहे.

हँडलपासून बटणापर्यंत

हँडलचे यंत्र दिसायला साधे असले तरी त्यात एक अवघड पेच सोडवलेला होता. हँडल फिरवले की काच हलली पाहिजे, परंतु काच स्वतःच्या वजनाने किंवा रस्त्यावरच्या धक्क्यांनी घसरू लागली तर हँडल उलटे फिरता कामा नये. जर्मनीतील कोबुर्ग येथे माक्स ब्रोजे यांनी १९१९ मध्ये भागीदारीत काढलेल्या धातुकामाच्या कारखान्याने १९२०च्या दशकात त्यासाठी वेटोळ्या स्प्रिंगचा ब्रेक वापरात आणला. हँडलच्या आसाभोवती, एका स्थिर नळकांड्याच्या आत, घट्ट बसणारी स्प्रिंग असते. हँडलकडून जोर आला की तिची वेटोळी आवळली जाऊन व्यास किंचित कमी होतो आणि ती मोकळेपणाने फिरते, तर काचेकडून जोर आला की वेटोळी फुगून नळकांड्याच्या भिंतीला धरून बसतात. हाताचे ऐकायचे आणि काचेचे ऐकायचे नाही, हा भेद एका तारेच्या तुकड्याने साधला होता. दरवाजांची यंत्रणा बनवणारी हीच कंपनी आज पुण्यातही उत्पादन करते.

हाताऐवजी अन्य शक्ती वापरण्याचा पहिला मान अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीकडे जातो. १९४१ सालचे मॉडेल म्हणून १९४०च्या शरद ऋतूत बाजारात आणलेल्या 'वन-एटी' मालिकेत तिने काचा वर-खाली करणारी यंत्रणा दिली. ती निव्वळ विजेची नव्हती. वीज पंप चालवी, पंप तेलासारख्या द्रवावर दाब आणी आणि तो दाब काच उचली. युद्धानंतर जनरल मोटर्सच्या ब्युइक, ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक या नावांच्या, टप उघडता येणाऱ्या गाड्यांतही हीच पद्धत रुळली. विजेवर चालणारा एक पंप आणि प्रत्येक दरवाजात एक दट्ट्या अशी तिची रचना असे. काच चढवताना पंप द्रव दट्ट्याकडे ढकली, तर उतरवताना झडप उघडून स्प्रिंग काच खाली ओढी आणि द्रव माघारी जाई. हा द्रव ब्रेकमध्ये वापरतात त्याच जातीचा असल्याने नळीला बारीकशी चीर गेली तरी दरवाजाच्या आतील अस्तर भिजे आणि रंग उखडे. १९५१ मध्ये क्रायस्लरच्या 'इंपीरियल' गाडीने द्रवाला फाटा देऊन प्रत्येक काचेला स्वतंत्र विजेची मोटर दिली, आणि तेव्हापासून मूळ मांडणी तीच राहिली आहे.

भारतात या सुखसोयीला यायला बराच काळ लागला. हिंदुस्तान मोटर्सची अँबेसेडर आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या दोन गाड्यांवर ज्या पिढ्या वाढल्या त्यांच्यासाठी काच म्हणजे हँडलच होते; पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी तर ते ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त होईपर्यंत चालवले. १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि परदेशी कंपन्यांची मॉडेले येऊ लागली, तेव्हा पॉवर विंडो प्रथम सर्वांत महाग आवृत्तीत, मग मधल्या आवृत्तीत पुढच्या दोन दरवाजांना आणि शेवटी चारही दरवाजांना, अशा पायऱ्यांनी उतरली. ही पायऱ्यांची विभागणी पुढे महत्त्वाची ठरते, कारण काचेची जाणही याच पायऱ्यांनी उतरत आली आहे.

दरवाजाच्या पोटात

दरवाजाच्या आतल्या बाजूचे प्लास्टिकचे अस्तर काढले की त्यामागे काळ्या चिकट गोंदाने चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ पडदा दिसतो. तो तेथे असण्याचे कारण असे की दरवाजाचे पोट कोरडे राहावे अशी अपेक्षाच नसते. काच आणि तिच्या खालच्या फटीतील रबर यांच्यामधून पावसाचे पाणी आत उतरणारच हे गृहीत धरून दरवाजाच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात, आणि पडदा ते पाणी प्रवाशाच्या बाजूला येऊ देत नाही. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या एका पावसाळ्यात ही छिद्रे चिखलाने बुजली तर दरवाजात पाणी साचते, पत्रा आतून गंजतो आणि मोटर ओलाव्यात राहते. पडदा फाडून पुन्हा नीट न चिकटवणे ही दुरुस्तीतील नेहमीची कुचराई असून तिचा परिणाम पुढच्या पावसात पायाखालच्या ओल्या गालिच्यावर दिसतो.

काच प्रत्यक्ष उचलणाऱ्या सांगाड्याला रेग्युलेटर म्हणतात. गॅरेजमध्ये त्याला सर्रास काच मशीन असेही म्हटले जाते. त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. जुन्या प्रकारात कात्रीसारखे एकमेकांना छेदणारे दोन पोलादी हात असतात. एका हाताच्या टोकाला अर्धवर्तुळाकार दात्यांची पट्टी असते, मोटरचे छोटे दंतचक्र ती फिरवते आणि हातांचा कोन बदलला की त्यांच्या वरच्या टोकांवर टेकलेली काच समतोल राहून वर किंवा खाली जाते. या प्रकारात बहुधा एक वेटोळी स्प्रिंगही असते, जी काच उतरताना आवळली जाते आणि चढताना तो साठवलेला जोर परत देऊन मोटरचा भार हलका करते. ही यंत्रणा दणकट असली तरी जड असते आणि दरवाजात जागा फार घेते.

नव्या गाड्यांत केबलचा प्रकार जवळजवळ सर्वत्र आढळतो. येथे एक किंवा दोन उभ्या पट्ट्या असतात, त्यांवरून घसरणाऱ्या प्लास्टिकच्या पकडींत काचेची खालची कड बसवलेली असते, आणि या पकडींना जोडलेली पोलादी तारांची केबल वर-खाली कप्प्यांवरून वळसा घेऊन मोटरच्या पिंपासारख्या चाकावर गुंडाळलेली असते. दोन पोहऱ्यांच्या रहाटाला एक पोहरा वर येताना दुसरा खाली जातो, तसे या चाकावर केबलचे एक टोक गुंडाळले जात असताना दुसरे उलगडत असते, म्हणून केबल कोणत्याही दिशेला ढिली न पडता काचेला ओढत राहते. रचना हलकी आणि स्वस्त, परंतु तिचा कमकुवत दुवाही केबलच. तारांतील एखादा पदर तुटला की तो कप्प्यात अडकून करकर आवाज येऊ लागतो, काच तिरपी होते, आणि ती वेळीच पाहिली नाही तर केबल चाकाभोवती गुंता करून तुटते व काच दरवाजात कोसळते. प्लास्टिकची पकड तुटल्यासही काच कोसळते, पण तेव्हा मोटर फिरत असल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. अनुभवी कारागीर दरवाजा उघडण्यापूर्वीच या दोन आवाजांवरून दोष ओळखतो.

वाया जाणाऱ्या शक्तीचा उपयोग

मोटर बारा व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, चालते. बाहेर कायमस्वरूपी चुंबक, मधे तांब्याच्या तारेची गुंडाळी असलेले फिरते आर्मेचर आणि त्याला वीज पोचवणारे कार्बनचे दोन ब्रश, अशी तिची परिचित घडण आहे. आर्मेचर मिनिटाला काही हजार फेरे घेते आणि त्याचा जोर फार थोडा असतो. काचेला याच्या नेमके उलट, वेग थोडा आणि जोर भरपूर हवा असतो. हे रूपांतर वर्म नावाची जोडी करते. आर्मेचरच्या दांड्यावर स्क्रूसारखा पेच कोरलेला असतो आणि तो एका दातेरी चाकात अडकून फिरतो. दांड्याचा एक पूर्ण फेरा झाला की चाक केवळ एक-दोन दाते पुढे सरकते. साठ-सत्तर फेऱ्यांना एक अशा प्रमाणात वेग उतरतो आणि फिरवण्याचा जोर वाढतो. अशा मांडणीत आर्मेचरच्या एका फेऱ्याला काच जेमतेम दोन मिलिमीटर हलते.

या जोडीचा हिशेब मांडला तर तो प्रथमदर्शनी तोट्याचा वाटतो. पुढच्या दरवाजाच्या काचेचे वजन साधारण तीन ते चार किलो असते आणि कडेच्या रबरी खाचांचे घर्षण अनेकदा त्या वजनाहून जास्त असते. दोन्ही मिळून विरोध १२० न्यूटन, म्हणजे सुमारे बारा किलो वजनाइतका, आणि काचेचा वेग सेकंदाला दहा सेंटिमीटर धरला तर प्रत्यक्ष उपयोगी पडणारी शक्ती १२ वॅट होते. त्याच वेळी मोटर पाच अँपिअर प्रवाह घेत असेल तर बॅटरीतून ६० वॅट निघत असतात. चार-पंचमांश शक्ती उष्णतेत जाते, आणि तिचा मोठा हिस्सा वर्म व चाक एकमेकांवर घासण्यात जातो.

तथापि हे घर्षणच यंत्राचे कुलूप आहे. पेचाचा उतार पुरेसा सपाट ठेवला तर पेच चाकाला फिरवू शकतो पण चाक पेचाला फिरवू शकत नाही, कारण उलट दिशेने येणारा सारा जोर घर्षणातच जिरतो. ज्या जोडीत निम्म्याहून अधिक शक्ती घर्षणात जाते तिलाच ही उलट न फिरण्याची मुभा मिळते, असा यंत्रशास्त्राचा नियम आहे. हँडलमध्ये वेटोळी स्प्रिंग जे काम करी ते येथे सपाट उताराने होते, म्हणून वीज बंद असताना काच बाहेरून हाताने दाबून खाली ढकलता येत नाही. याच गुणाची दुसरी बाजू अशी की मोटर बंद पडल्यावर आतल्या प्रवाशालाही ती हाताने खाली ओढता येत नाही.

प्रवाहाची दिशा

दिष्ट प्रवाहाच्या मोटरला उलट फिरवण्यासाठी तिच्या दोन टोकांची अदलाबदल पुरते, आणि पॉवर विंडोच्या साध्या स्विचचे सारे कसब या अदलाबदलीत आहे. बटणाला कोणी हात लावलेला नसताना मोटरची दोन्ही टोके बॅटरीच्या ऋण बाजूला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असतात. बटण वर ओढले की एक टोक तिथून सुटून धन बाजूला जाते, खाली दाबले की दुसरे जाते, आणि प्रत्येक वेळी उरलेले टोक ऋण बाजूलाच राहते. बटण सोडताच दोन्ही टोके पुन्हा एकत्र येतात. त्या क्षणी अजून गरगरणारे आर्मेचर स्वतः वीज निर्माण करू लागते आणि ती वीज बंद वळणात फिरून आर्मेचरलाच रोखते. काच बटण सोडल्याबरोबर जागच्या जागी थांबते ती या ब्रेकमुळे.

चालकाच्या दरवाजावर चारही काचांची बटणे असतात, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या गाड्यांत प्रत्येक दरवाजाच्या तारा तेथील बटणातून चालकाच्या बटणापर्यंत आणलेल्या असतात आणि दोन्ही बटणे एकाच साखळीत बसतात. याचा व्यावहारिक परिणाम असा की मागच्या दरवाजावरील बटणाचा संपर्क गंजला तर चालकाच्या हातची ती काचही बंद पडू शकते, आणि नवी मोटर बसवूनही दोष जात नाही. म्हणूनच जाणता कारागीर आधी मोटरची दोन टोके सोडवून त्यांना थेट बॅटरीची वीज देऊन पाहतो. काच हलली तर मोटर निर्दोष, शोध तारांत आणि बटणांत घ्यायचा. दरवाजा आणि गाडीचा सांगाडा यांच्या मधल्या रबरी नळीतून जाणाऱ्या तारा दरवाजाच्या प्रत्येक उघडझापीला वाकतात, आणि वर्षानुवर्षांच्या वाकण्याने आतल्या आत तुटलेली तार हा त्या शोधातील नेहमीचा गुन्हेगार असतो.

काच शेवटाला पोचूनही बटण दाबून धरले तर फिरू न शकणाऱ्या मोटरमधून नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह वाहतो आणि गुंडाळी जळू शकते. ते टाळण्यासाठी मोटरमध्ये तापताच विरोध एकदम वाढवणारा एक घटक बसवलेला असतो. लहान मुलाने काच लागोपाठ वर-खाली करीत राहिल्यावर ती अचानक 'बिघडते' आणि काही मिनिटांनी आपोआप सुरू होते, ती याच घटकाच्या कृपेने.

अलीकडच्या गाड्यांत बटणातून मोटरची वीज जातच नाही. बटण केवळ इच्छा कळवते. ती इच्छा लिन नावाच्या, एकाच तारेवरून संदेश नेणाऱ्या साध्या जाळ्यातून दरवाजातील इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे जाते आणि मोटरला वीज द्यायची की नाही हे नियंत्रक ठरवतो. तारांचा जुडगा त्यामुळे लहान झाला. शिवाय बटणाची मागणी आणि मोटरची कृती यांच्यामध्ये निर्णयाला प्रथमच जागा मिळाली.

यंत्राला लागलेला अडथळा

ही जागा भरण्यासाठी नियंत्रकाला दोन गोष्टी कळाव्या लागतात: काच कुठे आहे आणि तिला किती विरोध होतो आहे. दोन्हींचे उत्तर बहुतेक गाड्यांत १८७९ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडविन हॉल यांनी शोधलेल्या एका परिणामातून मिळते. विद्युतवाहक पट्टीतून प्रवाह जात असताना तिच्यावर काटकोनात चुंबकीय क्षेत्र आले तर पट्टीच्या दोन कडांमध्ये लहानसा व्होल्टेज निर्माण होतो. आर्मेचरच्या दांड्यावर चुंबकाचे एक छोटे कडे आणि त्याच्या शेजारी असे दोन संवेदक बसवले की दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला ठरावीक स्पंदने मिळतात. स्पंदने मोजली की काचेची जागा कळते, दोन संवेदकांपैकी कोणाचे स्पंदन आधी आले यावरून दिशा कळते, आणि दोन स्पंदनांमधला काळ मोजला की वेग कळतो.

चालकाने बटण एकदाच पूर्ण वर ओढून सोडले आणि काच आपोआप चढू लागली, असे समजले तर पुढच्या चार-पाच सेकंदांत नियंत्रक सतत एकच तुलना करीत असतो. निरोगी काच या जागी, या तापमानाला आणि बॅटरीच्या या व्होल्टेजला जेवढ्या वेळात पुढचे स्पंदन देते तेवढ्याच वेळात ते आले का, हे तो पाहतो. रबराच्या खाचेत थोडा घट्टपणा असेल तर स्पंदने हळूहळू लांबतात आणि तो ते चालवून घेतो. मधेच काही मऊ वस्तू आली तर ती दबत जाताना विरोध विशिष्ट गतीने वाढतो, स्पंदनांमधले अंतर त्या गतीने ताणले जाते, आणि ठरवलेली मर्यादा ओलांडली की नियंत्रक मोटर थांबवून लगेच उलटी फिरवतो. हात हँडलच्या जडपणावरून जे ओळखी तेच येथे काळाच्या मोजणीतून ओळखले जाते.

ही मर्यादा किती असावी हे नियमांनी ठरवलेले आहे. अमेरिकेचा वाहनसुरक्षेचा ११८ क्रमांकाचा नियम आणि संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा २१ क्रमांकाचा नियम या दोहोंनुसार, आपोआप उलटणाऱ्या काचेने वरच्या कडेपासून ४ ते २०० मिलिमीटरच्या फटीत अडकलेल्या वस्तूवर १०० न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलो वजनाइतका दाब येण्याच्या आत माघार घेतली पाहिजे. शेवटच्या चार मिलिमीटरांना सूट आहे, कारण पाणी आणि वारा रोखण्यासाठी काचेला तेथे रबरात जोराने घुसावेच लागते. ही सूट योग्य जागी द्यायची तर काच नेमकी कुठे आहे हे अचूक माहीत हवे. बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावर अनेक गाड्यांत स्पंदनांची मोजणी पुसली जाते आणि एका स्पर्शाने काच चढणे बंद होते. तेव्हा बटण ओढून काच पूर्ण बंद करायची आणि काही सेकंद तसेच धरून ठेवायचे, की नियंत्रक वरची कड पुन्हा शिकतो. नेमकी कृती प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

मर्यादा ठरवण्यातली ओढाताण फार बारीक आहे. ती कडक केली तर थंडीने ताठरलेले रबर, खड्ड्यातला धक्का किंवा खाचेत साचलेली धूळ यांनाही काच माणूस समजते आणि पावसात विनाकारण उघडते. ती सैल केली तर पातळ बोटाला माघार उशिरा मिळते. काचेच्या कडेचे रबर स्वच्छ ठेवणे आणि त्यावर तेलाऐवजी सिलिकॉनचा फवारा मारणे हा सल्ला केवळ काच मऊ चालावी यासाठी नसतो. खाच जितकी एकसारखी, तितका नियंत्रकाचा अंदाज अचूक.

बटणाचा आकार आणि कायदा

जाण नसलेली काच किती जोर लावते याचे उत्तर मोटरवर आणि रेग्युलेटरवर अवलंबून असले, तरी १०० न्यूटनची मर्यादा ती सहज ओलांडते. अपघातांचा एक ठराविक नमुना अमेरिकेत पुन्हा पुन्हा समोर आला होता: थांबलेल्या गाडीत चावी लावलेली, मूल दरवाजाच्या हातटेकूवर गुडघा टेकून खिडकीबाहेर डोकावलेले, आणि गुडघ्याखाली दबलेले बटण. एका टोकाला दाबल्यास काच खाली आणि दुसऱ्या टोकाला दाबल्यास वर अशा तराजूच्या दांडीसारख्या बटणात ही दुर्घटना रचनेतच दडलेली होती. २००४ मध्ये तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने बटणाची कसोटी ठरवली, तिच्यानुसार २० मिलिमीटर त्रिज्येच्या अर्धगोलाने १३५ न्यूटनपर्यंत दाबले तरी काच चढू लागता कामा नये. आणि २००५च्या कायद्याने काच चढवण्यासाठी बटण वर किंवा बाहेर ओढावेच लागेल असे बंधन घातले. गुडघा दाबू शकतो, ओढू शकत नाही, एवढ्या साध्या निरीक्षणावर हा बदल उभा आहे, आणि जगभर विकल्या जाणाऱ्या गाड्यांतील बटणाचा आजचा बोट अडकवून ओढण्याचा आकार त्याच विचाराचा आहे.

प्रत्येक काचेला आपोआप उलटण्याची सोय सक्तीची करण्याची पुढची पायरी मात्र अमेरिकेने चढली नाही. मुलांच्या वाहनसुरक्षेसाठी २००८ मध्ये झालेल्या कायद्याने या प्रश्नाचा विचार करण्यास सांगितले, २००९ मध्ये प्रशासनाने एका स्पर्शाने चढणाऱ्या काचांपुरता प्रस्ताव मांडला, आणि २०११ मध्ये तोही मागे घेतला. युरोपीय नियमांचा तर्क असा राहिला की चावी चालू असताना कोणी बटण सतत ओढून धरले असेल तर थांबण्याची जबाबदारी त्या माणसाची; माणसाच्या पकडीविना काच चढणार असेल तरच यंत्राला जाण हवी. या एका तर्काने बाजाराची सारी रचना उलगडते: एका स्पर्शाने चढणारी काच आणि अडथळा ओळखणारी काच बहुधा जोडीने येतात, आणि जेथे कंपनीला संवेदकाचा खर्च वाचवायचा असतो तेथे ती एका स्पर्शाची सोयच देत नाही.

पाण्यात

वर्मच्या कुलपाची दुसरी बाजू महाराष्ट्राने २६ जुलै २००५ रोजी पाहिली. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, रस्त्यांवर गाड्या बुडाल्या आणि गाडीतच अडकून गुदमरल्याने काही जणांचे मृत्यू झाले. त्यानंतर मुंबईत अनेक चालकांनी गाडीत छोटी हातोडी ठेवण्यास सुरुवात केली. पाणी शिरताच पॉवर विंडो तत्काळ बंद पडते ही समजूत सर्वस्वी खरी नाही. बारा व्होल्टला पावसाचे पाणी विजेचे फारसे चांगले वाहक नसते, त्यामुळे मोटर बहुधा काही काळ चालते. काचेला त्याआधीच रोखतो तो पाण्याचा दाब. ८० सेंटिमीटर रुंदीच्या काचेवर पाणी बाहेरून २५ सेंटिमीटर चढले आणि आत तेवढे नसले, तर तिच्यावर सुमारे २४५ न्यूटनचा, म्हणजे पंचवीस किलो वजनाइतका आडवा दाब येतो आणि ती रबराच्या खाचेत आवळली जाते. पाण्याची उंची दुप्पट झाली की दाब चौपट होतो. दरवाजाचे गणित याहून बिकट आहे: एक मीटर रुंदीच्या दरवाजावर साठ सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे १८० किलो वजनाइतका जोर.

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी गाड्या प्रत्यक्ष पाण्यात सोडून केलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष या हिशेबाशी जुळतो. गाडी पहिले अर्धा-एक मिनिट तरंगते, आणि बाहेर पडण्याची खरी संधी त्याच वेळात असते. फोन करण्यात किंवा दरवाजाशी झुंजण्यात ती न दवडता पट्टा सोडायचा, काच उघडायची, मुलांना आधी बाहेर काढायचे आणि मग स्वतः निघायचे. साचलेल्या पाण्यात गाडी घालण्याची वेळ आलीच तर काच आधीच उतरवून ठेवणे यासाठी शहाणपणाचे ठरते.

हातोडीवर विसंबण्यातही एक मेख आहे. खिडकीची काच परंपरेने टफन केलेली, म्हणजे तापवून वेगाने थंड केलेली असते, आणि टोकदार घाव बसला की तिचे बारीक बोथट तुकडे होतात. आवाज आणि चोरी रोखण्यासाठी, तसेच अपघातात प्रवासी बाहेर फेकला जाऊ नये म्हणून, काही गाड्यांत आता दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच खिडकीलाही वापरतात. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये सहा साधने तपासली, तेव्हा चार साधनांनी टफन काच फोडली आणि लॅमिनेटेड काच एकालाही फोडता आली नाही. काचेच्या कोपऱ्यातील छापावर तिचा प्रकार लिहिलेला असतो. तो आधीच वाचून ठेवावा आणि चारपैकी एखादी तरी काच टफन आहे का हे पाहावे.

मागचा दरवाजा

भारतीय वाहनांची मानके ठरवणाऱ्या समितीचे कार्यालयीन काम १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया पाहते, आणि ही मानके बऱ्याच बाबतींत संयुक्त राष्ट्रांच्या नियमांच्या धाटणीवर बेतलेली आहेत. बाजारात मात्र अडथळा ओळखणारी काच अनेक गाड्यांत फक्त चालकाच्या दरवाजाला मिळते. एका स्पर्शाने काच चढवण्याचे सुख विक्रीच्या दृष्टीने चालकाला दाखवायचे असते, आणि नियमाच्या तर्कानुसार सुखाबरोबर जाणही तिथेच बसवावी लागते. मागच्या काचा बटण धरून ठेवले असेपर्यंतच चढतात, म्हणून त्यांना संवेदकाची गरज नाही असे कागदावर ठरते.

पण मागची काच बहुतेक वेळा चालकाच्याच बटणाने बंद होते, आणि ते ओढताना चालकाची नजर रस्त्यावर असते. त्याच्या बोटाला मोटरचा विरोध जाणवत नाही, कारण बटण सगळ्याच काचांना सारखेच हलके लागते. हँडल फिरवणाऱ्याला जी खबर आपोआप मिळे ती येथे कोणालाच मिळत नाही. चालकाच्या दरवाजावरील, इतर काचांची बटणे बंद करणारे कुलूप मुलाच्या हातातले बटण निकामी करते, चालकाच्या हातातले नाही. त्यामुळे आजच्या रचनेत सर्वांत सावध प्रौढाच्या काचेला सर्वांत जास्त जाण असते आणि मुले बसतात त्या काचेला सर्वांत कमी. हा क्रम उलटा व्हायला नवे तंत्र लागत नाही. चालकाच्या दरवाजात जे संवेदक आणि जो नियंत्रक बसतो तोच मागेही बसू शकतो. तोपर्यंत गाडी घेताना विचारण्याचा प्रश्न किती काचा विजेवर चालतात हा नसून मागच्या काचा अडथळा ओळखतात का, हा आहे, आणि उत्तर नकारार्थी असेल तर मागची काच चढवण्यापूर्वी वळून पाहणे हे काम पुन्हा माणसाकडेच येते.